भागीमावशी आणि आळशी मुशी

मुशी विकत घेण्याआधी भागीमावशी तिच्या पोटावर तळहात ठेवून डोळे मिटत. बंदरावर लिलाव चालू असायचा, बोली पुकारणाऱ्याचा घसा बसलेला असायचा, बर्फ फोडणाऱ्यांचे दणके, कावळे, मांजरं, शिव्या; आणि या सगळ्या गदारोळात साठीच्या पुढची एक काटकुळी बाई मेलेल्या माशाच्या पोटावर हात ठेवून स्वस्थ उभी. बाकीच्या बायका त्यांना 'सुईण' म्हणत. "काय गो सुईणी, कितवा म्हयना?" असं कोणी चिडवलं, की मावशी डोळे न उघडता म्हणत, "तुझ्यापेक्षा एक कमी."

हात ठेवण्यामागे त्यांचा एक नियम होता. आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, कालवण देतात. त्याने अंगावर दूध येतं, असा सगळ्यांचा भरवसा. भागीमावशी रत्नागिरीतल्या बाळंतिणींना मुशी पुरवत. लहान मुश्यांच्या बहुतेक जाती पोटातून जिवंत पिल्लं देतात. हाताला पिल्लं लागली, की मावशी ती मुशी सोडून पुढे सरकत. "पोटुशी मारून पोरवाल्या बाईला खायला घालायची? कुठं फेडशील?" हा नियम मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नाही. तो त्यांचा एकटीचा होता. नजरचुकीने एखादी पोटुशी पाटीत आलीच, तर ती हॉटेलात जाई. "हाटेलवाल्याला कुठं बाळंतपण हाय?"

गिऱ्हाईकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "कोणासाठी?" पाहुणे आलेत म्हटलं, तर म्हणत, "मग बांगडे घे. पावण्यांना काय दूध यायचं हाय?" एका बड्या अधिकाऱ्याच्या ड्रायव्हरला त्यांनी असंच हात हलवत परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. मुशी पाटीत समोर दिसत होती, तरी "नाय" म्हणाल्या.

माझी त्यांची ओळख मी बाळंतीण असतानाच झाली. मी कराडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले, इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. मासा मला काचेच्या बरणीत ओळखता येई, ताटात नाही. मुलगी झाली आणि चार दिवस मला दूध उतरेना. पोर रडून काळीनिळी व्हायची आणि मी तिच्याबरोबर रडायची. सासूबाईंनी कोणाकडून तरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दारात पाटी उतरवून भागीमावशी सरळ माझ्या खोलीत आल्या. हात मात्र आधी अंगणातल्या नळावर साबण लावून धुतले होते.

"घाटावरली काय गो तू? तरीच. घाबरू नको. मी बग तुझ्यासाठी काय आणलंय."

त्यांनी आणलेली मुशी मी पाहिलीच नाही. सासूबाईंनी तिचे तुकडे करून कालवणही केलं. लसूण, मिरी, तिरफळं, खोबरं अगदी बेताचं. मावशी समोर बसून मला खायला लावत होत्या आणि त्या माशाची महती सांगत होत्या.

"ही आळशी मुशी. बाकीच्या पळतात, ही तळाला वाळूत पडून ऱ्हाते. निम्मं अंग नुसती शेपटीच. आणि सगळ्यात चांगलं म्हंजे हिला पोर नाय."

"पोर नाही म्हणजे?"

"वांझ. एवढी वर्सं हात लावतंय, हिच्या पोटात पिल्लू म्हणून कधी गावलं नाय. मंग हिला खाल्लीस तर कोणाची आवस खाल्लीस असं व्हयत नाय." मग जरा थांबून, पदराने घाम पुसत त्या अगदी सहज म्हणाल्या, "माझ्यासारखीच ती. माला पण पोर नाय. पण दुसरीच्या पोराला दूध देतो आम्ही दोघी."

सव्वा महिना त्या येत राहिल्या. प्रत्येक वेळी बाळाला दहादा छातीशी लावायला लावत. मी कंटाळले तर दटावत. दूध आलं आणि भरपूर आलं. ते त्या कालवणाने आलं की त्यांच्या दटावण्याने, हे मला तेव्हा कळत नव्हतं. विचारायची गरजही वाटली नाही. माझी मुलगी आज दहावीत आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि मावशी शेवटपर्यंत तिला 'माझ्या मुशीची पोर' म्हणत.

मावशी मूळच्या बुरोंडीच्या. लग्न होऊन इथे आल्या त्या धाकट्या दिराच्याही लग्नाआधी. मूल झालं नाही. नवरा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होता, तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. घरात दीर, जाऊ लीलाबाई आणि पुतण्या दिनेश. दिनेशला मावशींनीच वाढवला, पण सण असो की पूजा, पुढे उभी राहायची ती लीलाबाई. वांझ हा शब्द त्या घरात मोठ्याने उच्चारला जात नसे, आणि मावशींना तो रोज ऐकू येई. हे सगळं त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज बांगडा स्वस्त झाला, असं सांगावं तशा सुरात सांगत.

पुढे सात-आठ वर्षांनी मी कॉलेजची मुलं घेऊन बंदरावर गेले होते. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत येतं, त्यामुळे त्यात हवं ते येतं तसं नको तेही येतं. ते नको असलेलं एका बाजूला ढीग करून टाकतात. त्या ढिगात मला वीतभर लांबीच्या, काळपट तपकिरी, चामड्यासारख्या दोन पिशव्या दिसल्या. कडेला केसांचे पुंजके. मी त्या फक्त पुस्तकात पाहिल्या होत्या. आनंदाने माझा आवाज चढला असणार. मी मुलांना सांगायला लागले, की ही तळावर राहणाऱ्या एका मुशीची अंडी आहेत. ही मुशी पिल्लं देत नाही, अशी अंडी घालते. हे केस खडकाला, शेवाळाला अडकतात. आत पाचेक महिने पिल्लू वाढतं. पिल्लाच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात, मोठेपणी त्यांचे ठिपके होतात. प्रौढ व्हायला तिला कित्येक वर्षं लागतात, अंडी मोजकीच, आणि जगभर ती झपाट्याने कमी होते आहे. समोरच्याच क्रेटमध्ये एक पडली होती, लांबच लांब शेपटीची. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

तिच्या पोटावर भागीमावशींचा हात होता.

"काय बोललीस?" त्यांनी विचारलं.

मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी तेच पुन्हा, त्याच उत्साहात सांगितलं. मावशींनी हात काढून घेतला. "ही आळशी?" म्हणाल्या. "हिची अंडी? ही चामडी?" आणि मग, "ही हिच्या पोटात पण गावायची कधी कधी. मी म्हणायची, गिळलीन वाटतं. गोळे असायचे, ते चरबी समजून वेगळे काढायची."

पुस्तकातला मासा आणि माझ्या ताटातला मासा एकच होता, हे मला त्या क्षणी समजलं. मुलं वहीत लिहीत होती. मावशी लिलाव अर्धा सोडून निघून गेल्या. नंतर ऐकलं, की त्या दिवशी त्यांनी पाटी भरलीच नाही.

तीन दिवस त्या कुठे दिसल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी कॉलेजात, प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. मी ढिगातली एक पिशवी समुद्राच्या पाण्यात घालून आणली होती आणि एका टाकीत ठेवली होती. मावशी म्हणाल्या, "पयल्यापासून सांग. हळू सांग. माला खोटं वाटंल असं सांगू नको."

मी सांगण्याऐवजी खिडक्या बंद केल्या, पिशवी उचलली आणि तिच्या मागे मोठा टॉर्च धरला. जाड तपकिरी कातडीतून पिवळसर उजेड आला. मधोमध पिवळा बलक, आणि त्याला चिकटून दोऱ्याएवढी काळी सावली. ती सावली एकदम वळवळली.

"हालतंय," मावशी म्हणाल्या. मग हुंदका आला, तोही बारीक. "म्हंजे पोटुशी नको, पोटुशी नको म्हणत मी नेमकी हिलाच निवडली. बाकीच्या आयांना सोडली आणि हिला मारली. तोंडावर वांझ म्हटलं गो मी तिला."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं."

"माला नव्हतं. माझ्या हाताला पण म्हायत नव्हतं?"

चूक कळल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी पुष्कळ शिकलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांत मी स्वतःही आहे. मावशींनी ती उचलून आपल्याच पाटीत ठेवली.

त्या पिशवीसाठी त्या दर दोन दिवसांनी कॅन भरून समुद्राचं पाणी आणत. रिक्षातून. कॉलेजचा शिपाई कुरकुरला, तर म्हणाल्या, "तुझ्या आवशीला पण मीच मुशी दिलीय, इचार घरी." तो पुन्हा बोलला नाही. टॉर्च लावून बघायचं, सावली किती वाढली ते बोटांनी मोजायचं, आणि जायचं. पण ते पिल्लू आमच्या हातून जगलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत हवेचा पंप बंद पडला आणि मी कराडला जाऊन बसले होते. परत आले तेव्हा पाण्याला वास येत होता. मावशींना सांगायची माझ्यावर वेळ आली. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. त्यांनी टाकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपण ठेवायचंच नाय. ज्याचं त्याला द्यायचं. त्याची टाकी मोठी हाय."

मग त्यांनी बंदरावर नवंच खूळ सुरू केलं. येईल त्या ट्रॉलरच्या खलाशांना पकडून सांगत, की जाळं उपसल्यावर चामडी दिसली, की आधी ती परत पाण्यात सोडायची, मग बाकीची मासळी निवडायची. ती बंदराला आणायचीच नाहीत. आळशी मुशी जिवंत असेल तर तीही सोडायची. इतर बऱ्याच मुश्या पोहायच्या थांबल्या, की गुदमरतात. ही पडल्या पडल्या तोंडाने पाणी ओढून श्वास घेते, त्यामुळे जाळ्यातूनही पुष्कळदा जिवंत निघते. हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी खलाशांना आपल्या भाषेत सांगितलं : "ती आळशी नाय रे, दमाची हाय."

खलाशी सुरुवातीला खूप हसले. मावशी पंधरवडाभर रोज सकाळी जेटीच्या टोकाला उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत राहिल्या. शेवटी कंटाळून म्हणा, चेष्टेने म्हणा, की यांतल्या निम्म्यांच्या आयांना मावशींचं कालवण गेलं होतं म्हणून म्हणा, त्यांनी ऐकायला सुरुवात केली. होडी धक्क्याला लागायच्या आधीच कोणीतरी ओरडे, "मावशे, तुझी दोन पोरं सोडली गो!" त्या चामड्याच्या पिशव्यांना बंदरावर इतकी वर्षं कोणी नाव दिलं नव्हतं. आता पडलं, 'मावशीची पोरं'. मावशी हात वर करून म्हणत, "बरं केलंस रे," आणि मान फिरवत. मी शेजारी उभी असले, तर मला त्यांचा चेहरा दिसे.

खरी कसोटी पुढे घरातच लागली. दिनेशच्या बायकोला, प्रणालीला, पहिली मुलगी झाली. वजनाने कमी, अशक्त. डॉक्टर म्हणाले, आईचंच दूध मिळायला हवं. आणि दूध येईना. साऱ्या रत्नागिरीला मुशी पुरवणाऱ्या बाईच्या घरात बाळंतीण, त्यामुळे कोणाला काही विचारायचं कारणच नव्हतं. पण त्या दिवसांत चांगली मुशी नेमकी मिळत नव्हती. हाताला लागत त्या पोटुशी. मावशी रोज रिकाम्या हाताने परत. चौथ्या दिवशी दिनेश स्वतः एका मोठ्या टबात जिवंत आळशी मुशी घेऊन आला. हातभर लांब, पाठीवर निम्मे पट्टे, निम्मे ठिपके. मी प्रणालीला भेटायला म्हणून तिथेच होते.

"काकी, ही कोवळी हाय. हिच्या पोटात काय नसंल," तो म्हणाला. त्याचा आवाज विनवणीचा होता. आत बाळ रडत होतं.

मावशी टबाशी बसल्या. पाण्यात हात घालून त्यांनी तिच्या पोटाखाली तळहात धरला. मुशी तशीच पडून राहिली, कल्ले तेवढे हलत होते. "काय नाय पोटात," मावशी म्हणाल्या. "अजून व्हायचंय हिला सगळं." त्या उठल्या. "दिन्या, होडी काढ. हिला सोडून यायची."

लीलाबाई दारात आल्या. जे इतकी वर्षं मोठ्याने बोललं गेलं नव्हतं, ते त्या दिवशी बोललं गेलं. "जिला पोर झालं नाय, तिला पोराची भूक काय कळायची! माझी नात मेली तरी चालंल, पण मासा जगला पायजे!"

मावशींनी टबाची एक कडी धरली आणि दिनेशला दुसरी धरायला सांगितली. दिनेशने आईकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं आणि कडी धरली. दोघं भर दुपारी होडीतून बाहेरच्या खडकापर्यंत गेली आणि मुशी सोडून आली.

परत आल्यावर मावशींनी मला मागच्या पडवीत गाठलं. "बाय, दूध आलं नाय तर मी या घरात कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ?" मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तेच मावशी मला बारा वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, की बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी लावा. मी मावशींना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचीच वस्तू त्यांना परत आणून दिली होती.

पुढचे दोन दिवस त्या प्रणालीच्या खाटेपासून उठल्या नाहीत. गरम पाण्याचा शेक, मेथीची पेज, अळिवाची खीर, आणि दर थोड्या वेळाने बाळ छातीशी. प्रणाली रडली, तर तिला दटावायच्या, बाळ रडलं, तर त्याला. जेवण दारात आलं, तर तसंच राहायचं. लीलाबाई चुलीशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या घशातून घोट घेतल्याचा आवाज आला. मावशींनी तो ऐकला, खाटेच्या पायाला टेकल्या आणि बसल्या जागी झोपून गेल्या. त्यानंतर त्यांनी कोणत्याच बाळंतिणीला कुठलीच मुशी दिली नाही. कोणी मागितली, तर स्वतः जाऊन बसत. मासा लागतो की माणूस, ते त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. साधा ताप आला आणि उतरलाच नाही. मी पोचले तेव्हा अंगण खलाशांनी भरलेलं होतं. होड्या त्या दिवशी बाहेर पडल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दिनेशने मला स्थानिक वर्तमानपत्रात द्यायची बातमी लिहायला बसवलं. अशा बातमीची वाक्यं ठरलेली असतात, मीही तीच लिहिली. प्रणालीने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचू लागले : 'येथील भागीरथीबाई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात दीर, जाऊ, पुतण्या, पुतसून आणि नात असा परिवार आहे.'

लीलाबाई सकाळपासून भिंतीला टेकून बसल्या होत्या. नात त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्या म्हणाल्या, "पोरं नाय लिवलीत?"

मला वाटलं, दुःखाने त्यांचं भान सुटलं असेल. मी हळूच म्हटलं, "लीलाबाई, त्यांना मूलबाळ…"

"माला सांगतीस?" लीलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "रोज होडीवरनं वरडायची माणसं, मी हिथं चुलीपर्यंत ऐकायची. पोरं लिव आधी. मंग आम्ही."

मी कागद घेतला आणि 'पश्चात' या शब्दापुढे 'मुले' असं लिहिलं. संध्याकाळी वर्तमानपत्रातून फोन आला. "मॅडम, सगळ्यांच्या बातमीत संख्या असते," तो माणूस म्हणाला. "मुलं किती, ते राहिलंय."

मी म्हटलं, "असंच राहू द्या. कोणी मोजलेली नाहीत."